पावतीपुस्तक घरी ठेवून

मगनच्या फरसाणाच्या दुकानासमोर संघपाल तायडेने स्कूटर लावली, तेव्हा मगनचा एक हात झाऱ्यावर होता आणि दुसरा आपोआप गल्ल्याकडे गेला. एकोणीस वर्षांची सवय होती ती. संघपाल दिसला की भुसावळात कुणी रस्ता बदलायचं, कुणी बंद फोन कानाला लावायचं. मगन बिचाऱ्याला हलता येत नसे, कारण कढई तापलेली असे. म्हणून तो दरवर्षी निमूटपणे पावती फाडून घ्यायचा.

"किती लिहून राह्यला यंदा?" मगनने विचारलं.

"काही नाही. सहज आलो."

"सहज?"

"हो. म्हटलं, मगनशेठ कसे आहेत बघावं. वहिनींचे गुडघे बरे आहेत ना?"

मगनने झारा खाली ठेवला. गल्ल्यातून पाचशेची नोट काढली. "घे भो. उगीच जीव टांगून नको ठेवू."

संघपालने नोट परत केली. मगनने शेवेची पुडी पुढे केली, तर तीही नाकारली. आठवड्यापूर्वी त्याच्या चार दाढा काढल्या होत्या आणि तो लापशीवर दिवस काढत होता. पण हे त्याने सांगितलं नाही. स्वतःबद्दल बोलायचं नाही, फक्त समोरच्याचं ऐकायचं, असं कामिनी मॅडमनी बजावलं होतं. त्याने दहा मिनिटं वहिनींच्या गुडघ्यांची हकीकत ऐकली, मगनचा हात हातात घेतला आणि निघाला. त्याचा सैल झालेला शर्ट वाऱ्यावर फडफडत गेला. मगन बघतच राहिला, आणि कढईतली शेव करपली.

आता या कामिनी मॅडम कोण, ते सांगायला हवं. संघपाल ज्या उसंत रुग्णसेवा मंडळात होता, ते मंडळ गरजू आजाऱ्यांना खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या वापरायला देई, आणि त्यासाठी गावभर देणग्या मागायचं काम संघपालचं. मंडळाचे अध्यक्ष लीलाधर नाना यांनी त्याला महिन्यापूर्वी समोर बसवून सांगितलं होतं, "संघपाल, आता मागायचंही शास्त्र झालंय. जळगावला शिबिर आहे, शिकून ये. प्रमाणपत्र आणलंस तर ठीक. नाही तर हे काम फोनवरून करणारी एक कंपनी मागे लागलीय माझ्या."

चोपन्नाव्या वर्षी दुसरं काम कुठे शोधणार? संघपाल गेला. शिबिराचं नाव होतं 'निधी संकलकांसाठी व्यावसायिक विकास आणि नेटवर्किंग'. पहिल्या तासाला सगळ्यांना उभं करून अनोळखी माणसांशी ओळखी वाढवायला सांगितलं. हॉलमध्ये सत्तावीस जण होते आणि सत्तावीसही मागणारे. संघपालने धुळ्याच्या एका गोशाळेवाल्याची एकावन्नची पावती घेतली, त्याने संघपालची एकावन्नची घेतली, आणि दोघांचं नेटवर्किंग झालं.

मग शिबिर घेणाऱ्या कामिनी मॅडम बोलल्या. "तुम्ही दात्याकडे फक्त मागायला जाता. म्हणून तो तुम्हाला टाळतो. पंधरा दिवसांत दहा दात्यांना भेटा. पावतीपुस्तक घरी ठेवा. काही मागायचं नाही, दिलं तरी घ्यायचं नाही. नातं जोडा." दहा भेटींचा तक्ता भरून आणणाऱ्यालाच प्रमाणपत्र मिळणार होतं.

संघपालला हे पटलंच. एकोणीस वर्षांत त्याला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं.

यादीतलं दहावं नाव त्याने मुद्दाम शेवटी टाकलं होतं. देवचंद सपकाळे ऊर्फ आबा, मालगाडीचे निवृत्त गार्ड, वय अठ्ठ्याहत्तर. आबांच्या बायकोचे, प्रमिलाबाईंचे, शेवटचे चार महिने मंडळाच्या खाटेवर गेले होते. तेव्हापासून त्यांच्या स्मृतिदिनाला आबा पावती फाडायचे. आता ते स्वतः मंडळाच्याच तशा एका खाटेवर होते. माणूस सोन्यासारखा, पण एकदा बोलायला लागला की मनमाडपासून इगतपुरीपर्यंत एकही स्टेशन सोडायचा नाही. संघपाल त्यांच्याकडे कधी दहा मिनिटांवर थांबला नव्हता.

यंदा आबांचा फोन तीनदा आला. "कधी येतो रे? पुस्तक घेऊन येजो."

"आबा, या वेळी पुस्तक नाही. नुसता भेटायला येतो."

"पुस्तक नाही?" आबांनी पुन्हा विचारून खात्री केली. "बरं. पण ये लवकर."

इकडे मगनने संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराला सांगितलं की संघपालचं काही खरं नाही. पैसे घेत नाही, खात नाही, वाळून कोळ झालाय, आणि घरोघर जाऊन माणसांना डोळे भरून बघून घेतोय. याला दुसरा काय अर्थ? भुसावळला दुसरा अर्थ सुचला नाही.

संघपालला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की मॅडमचं शास्त्र शंभर टक्के खरं आहे. ज्या दारात त्याला उभं ठेवायचे तिथे आता पाट मांडला जात होता. निवृत्त मुख्याध्यापिका सुनंदाबाईंनी त्याला मऊ खिचडी भरवली. मूळच्या शिंदखेड्याच्या, पापड लाटणाऱ्या बेबाबाईंनी तर त्याला बघताच डोळ्यांना पदर लावला. "भाऊ, तुले काय व्हयनं? माले तरी सांग."

"काही नाही अक्का. तुमचं सांगा."

"देख, जाता जाता बी आमनंच ईचारस!" म्हणून त्या आणखी रडल्या.

रावेरच्या केळीबागायतदार उखर्डूंनी, ज्यांनी नऊ वर्षांत एक केळं दिलं नव्हतं, केळीचा अख्खा घड घरी पाठवला. संघपालने मागितला नव्हता, आणि तो घरी नसताना आला म्हणून नाकारताही आला नाही. शिवाय केळी बिनदाढांनी खाता येत होती.

रात्री तक्ता भरताना त्याचे डोळे पाणवायचे. 'दात्याने काय सांगितले' या रकान्यात जागा पुरत नव्हती. कुणाची सून बोलत नाही, कुणाला झोप येत नाही, कुणाचं एक मूल गेलेलं आहे. इतकी वर्षं या माणसांच्या सह्या तो ओळखत होता आणि त्यांच्याबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

नवव्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको शिल्पा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्ही बाहेर काय सांगत फिरताय?"

"का?"

"तीन दिवस झाले, बाया येऊन माझा हात धरून बसतात. सुनंदाबाई म्हणाल्या, धीर सोडू नको, शिवण क्लास सुरू कर. मला कशाला शिवण क्लास?"

संघपाल काही बोलणार तेवढ्यात दारात छोटा हत्ती टेम्पो थांबला. दोन हमालांनी त्यातून एक खाट उतरवली. हँडल फिरवून डोकं वर करायची, पायाशी 'उसंत' असं निळ्या रंगात लिहिलेली. हमालाने चिठ्ठी दिली. त्यावर आबांचं थरथरतं अक्षर होतं: 'संघपाल, माझ्यापेक्षा तुले गरज जास्त हाये. वापरून झाल्यावर मंडळात जमा करणे.'

शिल्पाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "वापरून झाल्यावर म्हणजे?"

मग त्याच्या डोक्यात सगळा उजेड पडला. मगनचा चेहरा, बेबाबाईंचं रडणं, खिचडी, केळी. शास्त्राचा यात काही संबंध नव्हता. गाव त्याला निरोप देत होतं. आणि तिकडे एक खरा आजारी म्हातारा खाटेवाचून पडला होता. त्याने खाट पुन्हा टेम्पोत चढवली आणि स्वतः तिच्यावर बसून रेल्वे कॉलनीपलीकडच्या आबांच्या घरी गेला. रस्त्यात ज्यांनी ज्यांनी त्याला खाटेवर बसून जाताना पाहिलं, त्यांनी थांबून हात जोडले.

आबा जमिनीवर गादी टाकून पडले होते. मुलगी सपना उशाशी बसली होती. "मी किती सांगितलं दादा," ती म्हणाली, "पण ऐकतच नाहीत. म्हणे, त्याने मला दिली होती, आता मी त्याला देतो."

"आबा, मला काही झालेलं नाही. दाढा काढल्यात फक्त."

आबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "म्हणजे तू मरून नाही राह्यला?"

"नाही."

"मंग टेम्पोचं भाडं फुकट गेलं ना!" आबा हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि तो लवकर थांबेना. संघपालने आणि हमालांनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. किती हलके झाले होते आबा! एवढी माणसं उगीच लागली.

"पुस्तक आणलं?" श्वास जरा ठिकाणावर आल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही आबा. मागायचं नाही असं शिकवलंय आम्हाला. नुसतं नातं जोडायचं."

"कोणी शिकवलं?" आबा चिडले. "आरे, प्रमिलाचं नाव रेशनकार्डातून काढलं. बँकेतून काढलं. पोरं तिला माय म्हणत, नातवंडं आजी. मी तर जन्मात कधी नावानं हाक नाही मारली तिले, लाज वाटे. वर्षातून एकदा तू येतो, पुऱ्या नावानं लिहितो अन् मोठ्यानं वाचून दाखवतो. तेवढ्यासाठी मी वर्षभर वाट पाहतो. अन् तू म्हणतो मागायचं नाही!"

दिलं तरी घ्यायचं नाही, हा नियम होता. नऊ भेटी चोख झाल्या होत्या, ही एक तशीच झाली की प्रमाणपत्र हातात, नोकरी शाबूत. संघपाल उठला, सपनाची सायकल घेतली आणि ऊर फुटेस्तोवर पायडल मारत घरून पावतीपुस्तक घेऊन आला.

कार्बन नीट सरकवून त्याने सावकाश लिहिलं आणि उभं राहून वाचलं, "कालकथित प्रमिलाबाई देवचंद सपकाळे यांच्या स्मरणार्थ."

"पुन्हा वाच," आबा म्हणाले.

त्याने पुन्हा वाचलं. मग तो बसला. आबांनी मनमाडपासून सुरुवात केली आणि त्या दिवशी संघपालने इगतपुरी येईपर्यंत एकदाही घड्याळ पाहिलं नाही. निघताना तो काहीतरी बोलला, आणि आबांनी 'पाहतो, जमलं तं' अशी मान हलवली.

पाचव्या दिवशी आबा गेले. अंत्ययात्रेत मगन संघपालच्या शेजारून चालत होता आणि चोरून पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "भो, आमाले तं वाटलं होतं..." आणि पुढचं गिळून त्याने संघपालचा दंड घट्ट धरला.

जळगावच्या दुसऱ्या शिबिरात सव्वीस जणांना प्रमाणपत्रं मिळाली. संघपालच्या तक्त्यावर मॅडमनी नियमाप्रमाणे दहाव्या भेटीपुढे लाल काट मारली होती.

"नऊ भेटी चोख!" लीलाधर नाना कपाळाला हात लावून म्हणाले. "आणि दहावीला कशाला मागायला गेलास रे? असं काय मागितलंस?"

संघपालने तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. नानांनी चष्मा लावला. 'दात्याकडे काही मागितले का?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'हो.' 'काय?' यापुढे, 'पुढच्या वर्षी पावती फाडायला येतो, तोवर थांबा.' आणि शेवटच्या रकान्यात, 'मिळाले का?' यापुढे, 'नाही.'

नानांनी तो कागद घडी करून खणात ठेवला, खणातून एक कोरं पावतीपुस्तक काढलं आणि संघपालपुढे सरकवलं.

त्याने ते पिशवीत घातलं. संध्याकाळी सपनाकडे जायचं होतं. तिने निरोप पाठवला होता की वडिलांची पावती ती पुढे चालू ठेवणार आहे, आणि आता त्या पावतीवर दोन नावं लिहावी लागतील.