शेठ, बोलत ऱ्हा!

कमलमावशी गाडीत बसल्या की चालवणाऱ्याला गप्प बसू देत नसत. पर्वत पाटिया भागातून स्टेशनला निघालेला रिक्षावाला असो की टेम्पोवाला, जरा शांतता झाली की मागून आवाज यायचा, "बोल ना भो! मुका शे का?" सुरतेत अर्धं आयुष्य काढूनही त्यांची अहिराणी जशीच्या तशी होती. रिक्षावाला गुजराती असला तरी दचकून काहीतरी बोलायचा. काय बोलतो याच्याशी मावशींना देणंघेणं नसे. आवाज चालू असला म्हणजे झालं.

आम्हा कारखान्यातल्या खान्देशी पोरांचं जेवण त्यांच्याकडेच असे. आमचे शेठ जयंतीभाईही त्यांच्या हातची खिचडी मागवत. त्यामुळे १९९०च्या सुमारास शेठ कापड विणायचे जुने माग विकत घ्यायला फ्रान्सला निघाले, तेव्हा माग तपासायला मला आणि स्वयंपाकाला मावशींना त्यांनी सोबत घेतलं. हॉटेलात आपल्याला कोण स्वयंपाक करू देणार? म्हणून शेठनी तिथे एक मोटरहोमच भाड्याने घेतली. पुढे स्टिअरिंग, मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. मावशी तिला 'बिऱ्हाड' म्हणत.

जानेवारीचे दिवस. बंद पडलेले कारखाने शोधत आम्ही डोंगरातल्या खेड्यापाड्यांतून फिरत होतो. दोन्हीकडे बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी शेठ स्वतः चालवत, आणि मागून सारखं, "शेठ, बोला!" शेवटी शेठ वैतागले. "मासी, शांति राखो ने! मने रस्तो जोवा दो."

त्याच दुपारी एका उतारावर धुकं आलं. शेठ गप्प झाले. मीही गप्प. मावशींनी तोंड उघडलं तोच चाकं घसरली. गाडी आडवी सरकत गेली आणि धाडकन थांबली. मी काचेतून पाहिलं. पुढचं एक चाक हवेत होतं. खाली खोल ओढा.

"हलू नका कुणी," शेठ पुटपुटले. तेवढ्यानेही गाडी डोलल्यासारखी वाटली.

"तुम्ही दोन्ही मागे या," मावशी म्हणाल्या. "हळू. एकेक जण उतरा. मी तांदळाच्या पोत्यावर बठेल शे."

"आणि तुम्ही?"

"मी उतरनू तर बिऱ्हाड खाले जाई."

आम्ही रांगत मागे गेलो आणि मागच्या दारातून उतरलो. मावशी पोळपाट छातीशी धरून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडलेला.

"शेठ, बोलत ऱ्हा!"

"शुं बोलुं, मासी?"

"काहीबी बोला. कोणी बोलत नसलं की माले एकलं वाटतं."

मी मदत शोधायला पळालो. आणि ज्या शेठचं कारखान्यात नुसत्या हुंकारावर काम भागायचं, ते बर्फात उभं राहून घसा फोडून बोलू लागले. उंधियुंची भाजी, मुलीचं सासर, मुलाचे उद्योग, सुचेल ते.

वळणापलीकडे एक शेतघर सापडलं. तिथल्या म्हातारीला मी हातवारे करून समजावलं. तिने कोट चढवला, ट्रॅक्टर काढला, मला शेजारी बसवलं.

आम्ही पोचलो तेव्हा शेठचा आवाज पार बसला होता. तरी मावशी ऐकतायत ना, हे विचारणं चालूच होतं, "मासी, सांभळो छो ने?"

"हा, आठेच शे."

साखळी बांधली. ट्रॅक्टरने ओढ घेतली आणि गाडी उलट पुढेच झुकली. आत भांडी कोसळली. मग गाडी इंचाइंचाने मागे आली आणि रस्त्यावर टेकली. मावशी खाली उतरल्या. शेठनी भर रस्त्यात वाकून त्यांचे पाय धरले.

"उठा, शेठ. कपडे ओले व्हतीन."

म्हातारीने आम्हाला घरी नेलं. एवढ्या घरात ती एकटीच राहत होती. तिने आम्हाला आगीजवळच्या टेबलाशी बसवलं आणि बटाट्याचं गरम सूप आणलं. मावशी लगेच उठल्या आणि वाढायला पळीकडे हात नेला. म्हातारीने त्यांना खांदे धरून परत खुर्चीत बसवलं आणि पहिली वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

मावशी वाटीकडे नुसत्या बघत राहिल्या.

"खा ना मावशी," मी म्हटलं.

"माले कोणी वाढलं, त्याले किती वरीस व्हयनात रे भाऊ." त्यांनी पदराने डोळे पुसले.

म्हातारी आमच्या वाट्या भरून पळी हातात घेऊन उभीच होती. मावशींनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिचा हात धरून तिला बसवलं.

"बस वं बाई," त्या म्हणाल्या. "मागून एकली जेवू नको."