आमेनपर्यंत कोण जागं?

धाकट्याने प्रार्थना संपवून 'आमेन' म्हटले आणि डोळे उघडले, तेव्हा समोरच्या खुर्चीतले आजोबा गाढ झोपले होते. मान छातीवर, तोंड किंचित उघडे आणि घोरणे असे की खिडकीची काच साथ देत होती. धाकट्याचा जोडीदार थोरला 'आमेन' म्हणायचे विसरून त्यांच्याकडे बघत राहिला.

"गेले की काय?" थोरल्याने कुजबुजत विचारले.

"गेलेला माणूस घोरतो का?"

"मग ऊठ. अजून अख्खी गल्ली राहिलीय."

पण उठून जायचे कुठून? दाराला आतून कुलूप होते आणि किल्ली आजोबांच्या शर्टाच्या आतल्या खिशात. आजोबांच्या बायकोला शेवटी शेवटी काही आठवेनासे झाले होते. डोळा चुकवून ती घराबाहेर पडे आणि भलत्याच बसमध्ये जाऊन बसे. म्हणून आजोबांनी आतून कुलूप घालायची सवय लावून घेतली. बायको गेली, सवय राहिली. थोरल्याने श्वास रोखून दोन बोटे खिशाकडे नेली, तशी आजोबांनी झोपेतच कूस बदलली आणि खिसा हाताखाली घेतला. खिडकीतून जाण्याचा विचार थोरल्याने चौथ्या मजल्यावरून खाली बघून सोडून दिला. मग त्याने टेबलावरची बिस्किटे संपवली आणि सोफ्यावर आडवे होऊन तोही झोपला.

जागा राहिला धाकटा.

हे दोघे परदेशातून आलेले मिशनरी. घर सोडून दोन वर्षे परक्या मुलखात राहायचे, दारोदार जायचे, देवाचे दोन शब्द सांगायचे, असे त्यांचे काम. नियम कडक होते. दोघांनी सदैव जोडीने राहायचे. एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जायचे नाही. त्यामुळे धाकटा दिवसभरात क्षणभरही एकटा नसे, आणि तरीही इतके एकटे त्याला जन्मात वाटले नव्हते. दोघांचे देश निराळे, भाषा निराळ्या. या गावची भाषा थोरल्याला भरभर आणि चुकीची येई, धाकट्याला अचूक, पण गोगलगाईच्या चालीने. चूक होऊ नये म्हणून तो एकेक शब्द चाचपून ठेवी, चिखलातून जाणारा माणूस पाऊल ठेवतो तसा. शिवाय प्रार्थनेत कोणी राहून जाऊ नये म्हणून तो घरातल्यांची, शेजाऱ्यांची, त्यांच्या दुखऱ्या सांध्यांची सगळ्यांची आठवण ठेवी. थोडक्यात, प्रार्थना लांबे.

दर शनिवारी मिशनच्या प्रमुखांचा फोन येई आणि प्रमुख एकच गोष्ट विचारत. या आठवड्यात शेवटपर्यंत किती जणांनी ऐकलं? त्यांचा सगळा भर 'शेवटपर्यंत'वर असे. आल्यापासून धाकट्याचे उत्तर ठरलेले होते: कोणीच नाही. लोक दार उघडत, बरे बोलत, आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून दार लावून घेत. या गावात एवढा स्वयंपाक होतो तर लोक इतके बारीक कसे, असे थोरला म्हणे. धाकट्याला फार काही नको होते. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत जागा राहील असा एक माणूस, बस्स.

आणि आज पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीत बसवून घेतले होते, तर ते घोरत होते. बोलायला दुसरे कोणी नाही म्हणून धाकटा हळू आवाजात त्या झोपलेल्या माणसाशीच बोलत बसला. आईबद्दल बोलला. फोनवर तिचा आवाज मधेच जातो, आणि नेमके काय गेले ते पुन्हा विचारायची लाज वाटते, हेही बोलला.

अंधारून आल्यावर आजोबांची मुलगी डबा घेऊन आली. इमारतीत तळमजल्यावर तिचे केशकर्तनाचे पार्लर होते. तिने आपल्या किल्लीने दार उघडले, खुर्चीकडे पाहिले आणि हातातला डबा तसाच धरून उभी राहिली. आई गेल्यापासून बाबांचा डोळ्याला डोळा नाही, रोज सकाळी तेच रडगाणं, असे तिने सांगितले. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या.

"काय दिलंत तुम्ही त्यांना?"

"काही नाही ताई. प्रार्थना केली."

"कसली?"

"साधीच."

ताईंनी डोळे टिपले. दर मंगळवारी यायचं, नाही म्हणायचं नाही, असे बजावून त्यांनी दोघांना अर्धा डबा बांधून दिला.

इथवर सगळे घरात होते. पण ताईंचे पार्लर होते, आणि पार्लरमध्ये पडलेली बातमी केसांबरोबर झाडून टाकता येत नाही. दोन दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचा निरोप आला. बाळ रात्रंदिवस रडतं, तर तुमची ती झोपेची प्रार्थना आमच्याकडेही करा. धाकट्याने समजावून पाहिले की ती झोपेची नाही, साधी आहे. सूनबाई म्हणाल्या, साधी चालेल. त्याने डोळे मिटून प्रार्थना केली, उघडून पाहिले तो बाळ झोपलेले, सूनबाई झोपलेल्या, सासूबाई भिंतीला टेकून झोपलेल्या. सगळ्यांत आधी बाळ उठले. बाकीच्या दोघी उठेपर्यंत दोन मिशनरी आळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होते.

मग रात्री गाडी चालवणारा टॅक्सीवाला आला. त्याला दिवसा झोप हवी होती. तो दुसऱ्या वाक्यालाच आडवा झाला. रोज कुठे बोलवायचं त्या पोराला, म्हणून ताईंनी प्रार्थना फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवली. टॅक्सीवाल्याने ती आणखी चौघांना पाठवली, आणि एका संध्याकाळी ती त्याच्या गाडीतच चुकून सुरू झाली. मागचे नवराबायको स्टेशन येण्याआधी झोपले. टॅक्सीवाल्याने शहाणपणा करून गाडी कडेला घेतली आणि तोही झोपला. नवराबायकोची आगगाडी चुकली. नवरा दुसऱ्या दिवशी तावातावाने भांडायला आला, आणि जाताना बायकोच्या नकळत ते रेकॉर्डिंग मागून घेऊन गेला. इमारतीच्या फाटकावरच्या रखवालदारानेही ते ऐकले. त्या दुपारी एक सायकल चोरीला गेली.

हे सगळे फिरत फिरत प्रमुखांच्या कानावर गेले ते एवढेच: त्या पोराची प्रार्थना घरोघरी ऐकतात. प्रमुखांना भरून आले. आपण स्वतः येतो, सभागृह घ्या, सगळ्यांना बोलवा, असे त्यांनी कळवले. धाकट्याने फोनवर खरे काय ते सांगायचा प्रयत्न केला. प्रमुखांना तो विनय वाटला.

सभेला सभागृह भरले. प्रमुख पहिल्या रांगेत बसले आणि मागे वळून पाहतात तो बहुतेकांच्या काखेत उशा. सूनबाईंनी बाळाचे अंथरूणही आणले होते. हे काय म्हणून प्रमुखांनी विचारले, तर टॅक्सीवाल्याने अदबीने आपली जादा उशी त्यांच्या मांडीवर ठेवली. राहू द्या साहेब, पहिलीच खेप आहे तुमची.

धाकट्याने डोळे मिटले. आज नेमके बोलायचे, आज तरी कोणी ऐकेल, म्हणून त्याने प्रत्येक शब्द आणखी जपून ठेवला. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा सभागृहभर एक संथ गुरगुर पसरली होती. थोरला खुर्चीवरून घसरून जमिनीवर आला होता. प्रमुखांनी उशी कुशीत घेतली होती. एवढ्या माणसांत जागा असलेला तो एकटाच. कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून तो मंचाच्या पायरीवर बसून राहिला.

प्रमुख उठले ते गालावर उशीच्या शिवणीचा वळ घेऊन, आणि त्या वळाचा सगळा राग धाकट्यावर निघाला. देवाचे शब्द लोकांना जागे करण्यासाठी असतात, असे ते म्हणाले. येत्या शनिवारपर्यंत एक माणूस दाखव, शेवटपर्यंत जागा राहिलेला, एकच. नाही जमलं तर मुख्य कार्यालयाच्या गोदामात पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे. तिथे कोणाला झोप लागत नाही, कारण तिथे कोणी नसतंच. एवढे बोलून ते तडक गाडीत बसले, उशीसकट.

मंगळवार आला. धाकट्याने दारोदार फिरून पाहिले होते, पण आता लोक त्याला पाहताच जांभई देत. आजोबांकडे तो निरोप घ्यायलाच गेला. प्रार्थना झाली, आजोबा वेळेवर झोपले, थोरलाही सोफ्यावर झोपला. दर मंगळवारसारखा धाकटा हळू आवाजात बोलू लागला.

"आजोबा, पुढच्या मंगळवारी मी नसेन बहुतेक. गोदामात पाठवताहेत. तसं काही बिघडत नाही, काम ते काम. पण रोज देवाशी बोलतो ना मी, तर तिकडून हूं नाही की चूं नाही. घरी होतो तेव्हा असं वाटत नव्हतं. इथं आल्यापासून वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय की काय."

घोरणे थांबले. आजोबांचे डोळे मिटलेलेच होते.

"गुडघा डावा आहे," आजोबा म्हणाले.

धाकटा खुर्चीवरून अर्धा उठला.

"पहिल्या दिवसापासून तू उजव्यासाठी मागतोयस. उजव्याला काही झालेलं नाही. तो वर गोंधळला असेल बिचारा." आजोबांनी एक डोळा उघडून थोरला झोपल्याची खात्री केली. "आणि आईला विचारत जा, काय म्हणालीस म्हणून. लाजायचं काय त्यात? परत सांगायला आवडतं आयांना."

"तुम्ही जागे होता?"

"कारखान्यावर जन्मभर रात्रपाळीचा पहारा केलाय मी. प्रार्थनेनं पहारेकरी झोपायला लागले तर चोर रोज देवळात जातील."

"सगळं ऐकलंत? दर वेळी?"

"आमेनपर्यंत. आणि आमेननंतरचं पण. ते जास्त बरं असतं."

मग घोरत का होता, हे धाकट्याला विचारावे लागले नाही. आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले, "जागा असलो की तुम्ही आमेन म्हणता आणि बूट घालता. झोपलो की बसता. मुलगीपण. जागा दिसलो की डबा ठेवून पळते, दुकान आहे, घर आहे तिचं. झोपलो की शेजारी बसते थोडा वेळ."

धाकट्याच्या मनात पहिल्यांदा आले ते हेच की सापडला, एक माणूस सापडला. त्याने शनिवारची अट सांगितली. आजोबांचा चेहरा उतरला. तुमचा साहेब खातरजमा करायला माझ्या मुलीलाच फोन करणार, असे ते म्हणाले. तिला कळलं की संपलंच.  एकीकडे गोदाम होते, दुसरीकडे ही खुर्ची.

"नाही सांगत," धाकटा शेवटी म्हणाला.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. आजोबांचे तोंड किंचित उघडले, मान छातीवर पडली आणि खिडकीची काच पुन्हा थरथरू लागली. ताई चवड्यांवर आत आल्या.

"झोपले?" त्यांनी ओठांवर बोट ठेवून विचारले.

धाकट्याने खोटे न बोलण्याचे व्रत घेतले होते. त्याने खुर्चीकडे पाहिले.

"डोळे मिटलेत, ताई."

ताईंनी मान हलवली. थोरल्याला उठवून दोघांना पोहोचवायला त्या जिन्यापर्यंत आल्या, दार हलकेच ओढून घेतले. थोरला डोळे चोळत खाली उतरू लागला. ताई धाकट्याजवळ थांबल्या.

"काल तुझ्या साहेबांचा फोन होता. उशी कुणाची ते विचारायला. मग म्हणाले, एक तरी माणूस जागा राहतो का हो? मी म्हटलं, राहतात की. आमचे बाबा."

धाकट्याने घाईने मागे दाराकडे पाहिले, आत ऐकू गेले का म्हणून.

"खरे झोपले की घोरत नाहीत ते," ताई म्हणाल्या. "आई सांगायची. पहिल्या दिवशीच कळलं मला. तोंडातून काढू नकोस हं त्यांच्यापुढे."

"मग तुम्ही शेजारी बसता ते?"

"झोपलेल्या माणसाजवळ बसलं की बोलावं लागत नाही काही. जागे असले की आम्हा दोघांनाही आईचंच सुचतं, आणि ते नको असतं." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "आणि तू आमेन म्हणेपर्यंत, त्यानंतरचंही बोलून होईपर्यंत मी आत येत नाही. इथंच उभी असते. डबा गार होतो तेवढा." मग त्या म्हणाल्या, "भिंतीबिंतीशी काही बोलत नाहीस तू. दार पातळ आहे आमचं."

शनिवारी फोन आला. प्रमुखांचा आवाज अजून थोडा दुखावलेला होता. किती, असे त्यांनी विचारले.

"दोन," धाकटा म्हणाला.

"जागे?"

"जागे. एक डोळे मिटून, एक दाराबाहेर."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. झोपले की काय, म्हणून धाकट्याने कान देऊन पाहिले. घोरणे नव्हते.

"मी त्यातला एकच धरतो," प्रमुख म्हणाले, आणि गोदामाचे राहू दे, असेही म्हणाले. कोणता एक, ते त्यांनी सांगितले नाही. धाकट्यानेही विचारले नाही.

मग त्याने आईला फोन लावला. आवाज मधेच गेला, तसा तो म्हणाला, "काय म्हणालीस? परत सांग ना."