रोज मिनिटभर अलीकडं

परशराम काकतीकर यांच्या मते बेळगाव ते निपाणी या मुलखात खरी डोकी दोनच होती, आणि त्यातलं दुसरं कुणाचं हे त्यांना अजून सापडलं नव्हतं. तीस वर्षं ते बसवर तिकीट तपासनीस होते. "फुकट्या मला पाठमोरा कळतोय," असं ते सांगायचे. "चोर म्हंजे तरी काय रं? तिकीट न काढता आयुष्यातनं जाणारा माणूस! त्याला धरायला अक्कल लागत न्हाय, नजर लागतीया." अक्कल लागत नाही हे ते इतक्या वेळा सांगायचे, की लोकांचा विश्वास बसत चालला होता.

रिटायर होऊन निपाणीत आल्यावर त्यांनी कार्ड छापून घेतलं: 'परशराम काकतीकर, खाजगी गुप्तहेर. निपाणी ते बेळगाव, व्हाया संकेश्वर. विनंतीवरून कुठेही थांबेल.'

मष्णू त्यांच्याच बसचा जुना ड्रायव्हर. आता त्याची स्वतःची रिक्षा होती. साहेबांनी डोकं चालवायचं आणि मष्णूनं रिक्षा, अशी कामाची वाटणी होती. रिक्षा निदान पोचायची तरी.

त्या बुधवारी दुपारी कोगनोळीच्या भूपाल आप्पांच्या राजश्रीचा फोन आला. "काका, माझा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद पडतोय. निपाणीच्या दुरुस्तीवाल्याला दावला, तो म्हणतोय चांगला हाय. तुमी बघता काय?"

"बाळ, तू निर्धास्त झोप," साहेब म्हणाले. दुपारचे तीन वाजले होते.

भूपाल आप्पांचं घर हायवेला लागून, दोन मजली. वरच्या खोलीत राजश्रीचा कॉम्प्युटर. साहेब छाती काढून आत शिरले आणि उंबऱ्यापाशीच जमिनीवरच्या वायरीत पाय अडकून पलंगावर पालथे झाले. "हितं झटापट झाल्याली दिसतीया," ते उठता उठता म्हणाले.

"कुणाची?" राजश्रीनं विचारलं.

"आत्ता तरी तुमचीच," मष्णू म्हणाला.

पोरगी गणितात पहिली आलेली, बीएड झालेली. बेळगावच्या एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा निघाली होती. शुक्रवारी साडेपाच ते साडेसहा घरी बसूनच पेपर द्यायचा, कॅमेऱ्यापुढं, खोलीत एकटीनं. मधेच कॉम्प्युटर बंद पडला तर पेपर बाद, पुन्हा बसू देणार नाहीत. दोन वर्षांत दोन जागा हुकल्या होत्या. एकदा नेमका बंद पुकारला गेला, एकदा डेंग्यू झाला. भूपाल आप्पा वाईट माणूस नव्हे, पण त्यांनी सांगून टाकलं होतं, "हे बी हुकलं तर तंबाखूच्या वखारीत येऊन बस."

"मला पोरं शिकवायची हाईत काका, पोती न्हाईत," राजश्री म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. मष्णूला गलबलून आलं. त्याची स्वतःची लेक त्याच वयाची होती.

"यूपीएस न्हाय?" त्यानं विचारलं.

"त्याची बॅटरी उगादीलाच मेली. नवी आणाय धा दिवस लागत्यात." मग तिनं कॉम्प्युटरचं झाकण काढून आतली पत्र्याची पेटी दाखवली. "हा पॉवर सप्लाय. भिंतीतनं दोनशेतीस व्होल्ट येत्यात. आतल्या भागांना एवढं सोसत न्हाय. कुणाला बारा लागतंय, कुणाला पाच, कुणाला तीनच्या थोडं वर. ही पेटी ते बारीक करून ज्याचं त्याला वाटती."

"म्हंजे कंडक्टरच की!" साहेबांचा चेहरा उजळला. "मोठी नोट घ्यायची, आणि सुट्टं करून वाटायचं."

राजश्रीनं जरा विचार केला. "व्हय, तसंच." हे त्या तपासातलं साहेबांचं एकमेव बरोबर वाक्य ठरलं.

मग तिनं एक कागद पुढं केला. दसऱ्यापासून रोजची बंद पडायची वेळ तिनं टिपून ठेवली होती. पहिल्या दिवशी पाच एक्कावन्न, मग पाच पन्नास, आणि काल पाच त्रेचाळीस. रोज मिनिटभर अलीकडं, कधी दोन दिवस तीच वेळ. "आणि जेवून वर आलं की गुमान चालू होतंय," ती म्हणाली.

साहेबांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. "मष्णू, गुन्हेगाराचं घड्याळ रोज मिनिटभर फुडं पळतंय. त्यो आपल्या घड्याळात बरोबर सहाला बटन दाबतोय. गावातली समदी घड्याळं तपासायची!"

तासाभरात साहेबांनी एकोणीस मनगटं धरली. भूपाल आप्पांचं घड्याळ बंदच सापडलं. "आप्पा, हे कवापासनं बंद हाय?"

"लग्नापासनं," आप्पा म्हणाले.

गुरुवारी सकाळी दुसरा सिद्धांत निघाला. "हितं करंट कर्नाटकाचा, मोबाईलची रेंज महाराष्ट्राची. दिवस मावळताना दोघांची शिवंवर टक्कर हुतीया!" ते वायरीत दुसऱ्यांदा अडखळून खाली उतरले आणि टक्कर बघायला नाक्यापर्यंत जाऊन आले. तिथं उसाच्या ट्रॉल्यांशिवाय काही टकरताना दिसलं नाही.

दुपारी संशय शेजारच्या महादेववर गेला. त्याची विहिरीवर मोटर होती. तो मोटर सुरू करतो आणि राजश्रीचा करंट ओढतो, असं ठरलं. साहेब उसात दबा धरून बसले आणि महादेव मोटरीच्या खोपीशी येताच त्यांनी शिट्टी फुंकून त्याचा हात धरला. "तिकीट!" जुनी सवय, दुसरं काय.

"करंट इल्ल, मोटर इल्ल," महादेव थंडपणे म्हणाला. "करंटच न्हाय तर मोटर कशी लावू? ह्या आठवड्यात शेताला लाईट रात्री धानंतर हाय. सायबांना कुसळं लई लागल्यात, जरा बघून चाला."

साडेपाच वाजत आले. पेपरला एकच दिवस उरला होता. राजश्री वर कॉम्प्युटरपुढं बसली, साहेब शिट्टी तोंडात धरून तिच्या मागं उभे राहिले. मष्णूला खाली पहाऱ्यावर ठेवलं. तो जिन्यापाशी उभा राहतो न राहतो तोच स्वयंपाकघरातनं हाक आली, "आत या की. जेवून घ्या."

धोंडूबाई म्हणजे भूपाल आप्पांची थोरली बहीण, राजश्रीची आत्या. "आत्याबाई, आत्ताच?"

"आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवायचं. पाव्हणा आला म्हणून सूर्य थांबत न्हाय." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून सूर्यास्ताची वेळ बघितली, घड्याळ बघितलं, आणि आमटीचं पातेलं विजेच्या शेगडीवर ठेवून बटन दाबलं. देव्हाऱ्यातला पिवळा दिवा मलूल झाला. वर कर्कश शिट्टी वाजली.

"पाच एक्केचाळीस!" साहेब ओरडले. "कुणी हलू नका!" पाठोपाठ धपकन आवाज आला. साहेब स्वतःच हलले होते. तिसऱ्यांदा.

दोघं खाली आले. राजश्रीचे डोळे भरले होते. तिनं हातातला कागद ओट्यावर टाकला आणि पाटावर बसली. "गेली ही बी नोकरी, आत्या."

धोंडूबाईंनी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, चष्मा लावला आणि कागद वाचला. मग कॅलेंडर बघितलं. मग परत कागद. "अगं, हे तर माझं शेगडी लावायचं टायम हाय."

"काय?"

"सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास. आता दिवस ल्हान व्हाय लागल्यात, म्हणून रोज मिनिटभर अलीकडं सरकतंय." त्यांनी दिव्याकडं बोट केलं. "त्यो दिवा बी शेगडी लावली की मान टाकतोय. खालचा नळ मोकळा सोडला की वरच्या नळाचं पाणी जातंय का न्हाय? तसंच असंल. मी आपली समजत हुते, पोरगी शहाणी, आमटी तापली की बरोबर टायमाला जेवाय येती."

राजश्री पाटावरनं उठली ती जिना चढून वरच. मष्णू मागोमाग. शेगडी तिनंच दसऱ्याला शिकवणीच्या पैशातनं आत्यासाठी आणली होती. स्वयंपाकघरातला प्लग बिघडलेला, म्हणून कॉम्प्युटरच्याच एक्स्टेन्शन बोर्डाला जोडून वायर खिडकीतनं खाली सोडली होती; देव्हाऱ्यातला दिवाही तिच्यावरच होता. आणि त्या बोर्डाला भिंतीतनं येणारी वायर होती जुन्या टेबलफॅनची, सुतळीएवढी. साहेब तीनदा जिच्यावरनं पडले, ती हीच.

मष्णूनं तिला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. "तापलीया की गं!" त्यानं प्लग उपसून टाकला. "घर पेटलं असतं, बाळ."

राजश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. "शेगडी एकटी नऊ-दहा अँपिअर वडती. एवढ्या बारीक वायरीत व्होल्ट उतरत्यात, आणि पेटी जीव वाचवाय आपली आपण बंद हुती. दुकानात शेगडी न्हाय, म्हणून तिथं चालती. मी गणितात पहिली, आणि घरात ही बेरीज आली न्हाय!"

"मी पहिल्याच दिवशी वायरीवर झेप घेतली हुती," साहेब म्हणाले. "तुमी लक्ष दिलं न्हाईसा."

शुक्रवारी वायर काढून टाकली आणि कॉम्प्युटर सरळ भिंतीच्या प्लगला लावला. आप्पांनी निपाणीहून मेकॅनिक आणून सकाळीच स्वयंपाकघरातला प्लग दुरुस्त करून घेतला, तरी धोंडूबाईंनी शेगडीला हात लावला नाही. स्वयंपाक दुपारी चारलाच गॅसवर उरकला, पण पेपरआधी राजश्रीला घास जाईना, म्हणून दोन ताटं झाकून ठेवली. साडेपाचला वरचं दार लागलं. पाच चाळीस झाले. मष्णू जिन्यापाशी घड्याळ बघत उभा होता. वरनं बटनांची टकटक ऐकू येत होती. पाच पन्नास, टकटक. सहा, टकटक. अंगणातलं ऊन गेलं, कावळे झाडावर बसले, तरी टकटक चालूच. आप्पा जिन्याच्या पायरीवर बसून होते. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसतोय असं दाखवून ते डोळे पुसत होते.

पावणेसातला राजश्री खाली आली. "समदं लिवलं. दोनदा तपासलं!"

तिला एकदम भूक लागली. बाहेर बघितलं तर अंधार. या घरात आता सकाळपर्यंत घास नाही. तिनं हसून ताटाकडं बघितलं, आणि हसू तोंडातच राहिलं. दुसरं ताटही तसंच झाकलेलं होतं.

"आत्या, तू का जेवली न्हाईस? तुला तर वेळ हुता."

"रोज आमटी तापली की तू खाली यायचीस," धोंडूबाई म्हणाल्या. "आज आली न्हाईस. मग मी कुणासंगं जेवू?"

राजश्री त्यांच्या कुशीत शिरली, आणि आप्पांनी या वेळी बाही न घेता सरळ डोळे पुसले.

परत जाताना साहेब रिक्षात खिशातलं कार्ड काढून बघत होते. गावात शिरल्यावर त्यांनी खाकरून विचारलं, "मष्णू, कार्डावर 'विजेचे गुन्हे' बी घालूया काय रं?"

"घाला की सायेब," मष्णू म्हणाला. "पर फोन नंबर तेवढा धोंडूआत्यांचा घाला."