आई, निष्क्रिय सदस्य

"ब्लॉकचेनच्या टोकनांचा रोजच्या जगण्यात काडीचा उपयोग नाही, भावोजी!" असं मेहुणा म्हणाला आणि मी पेटलो. "बघच तू! माझ्याच घरात सिद्ध करून दाखवतो!"

योजना चोख होती. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि आई. केलेलं काम मोबाइलवर टाकायचं, बाकीच्या दोघांनी 'मान्य' दाबायचं, की टोकन जमा! ज्याची टोकनं जास्त, त्याने रविवारी लोळायचं. आणि ब्लॉकचेनवर एकदा झालेली नोंद कुणाच्या बापाला पुसता येणार नाही, हे मी छाती फुगवून सांगितलं.

"म्हणजे भांडी घासून झाली की फोन घासायचा?" बायको म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

घरभर नुसतं टिंग टिंग! बायकोने कपडे वाळत घातले, टिंग! मी बल्ब बदलला, टिंग! तोच बल्ब काढून पुन्हा बसवला, टिंग! शेवटी शेवटी तर आम्ही न वाचताच 'मान्य' दाबत सुटलो.

आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला आम्ही कामाला हातच लावू देत नव्हतो. साहजिकच तिच्या खात्यात भोपळा. आणि जो काहीच कमवत नाही त्याला काढून टाकायचं का, असं सगळ्यांना विचारायचा नियम मीच अतिशहाणपणाने घालून ठेवला होता! गुरुवारी मीटिंगमध्ये असताना टिंग झालं. मी दाबलं 'मान्य'. तिकडे बायकोनेही दाबलं. लगेच तिघांच्याही फोनवर संदेश आला: 'निष्क्रिय सदस्य आई यांना घरातून काढण्यात आले आहे.'

मीटिंग सोडून मी बाहेर पळालो! मेहुण्याला फोन लावला.

"अहो, मग पुसून टाका ना!"

"पुसता येत नाही रे! तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे!"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

धापा टाकत घरी पोचलो. बायको दारातच, रडवेली. "सकाळपर्यंत हसत होत्या हो. आता माझ्याशी बोलतच नाहीत." शेजारी भरलेली बॅग. आत सोफ्यावर आई, मांडीवर मोबाइल घेऊन.

"इतकी जड झाले का रे मी तुम्हाला?"

चाळिशी उलटलेला घोडा मी, पण रडूच कोसळलं. तिच्या पायाशी फतकल मारून बसलो. "गाढव आहे मी, आई! न वाचता दाबलं गं! तू कुठ्ठेही जायचं नाहीस. तू नुसती इथे बसलेली दिसलीस ना, तरी घरी आल्यासारखं वाटतं मला!"

आईने डोळे पुसले. आधी माझे, मग स्वतःचे.

"मी कशाला जाऊ? घर माझं आहे. बॅग तुझी आहे."

उघडून पाहिली तर खरंच माझे शर्ट! नीट घड्या घातलेले. सगळ्यात वर स्वेटर.

"बाहेर गारठा आहे, घालून जा," आई म्हणाली. आणि मी उठतोय हे बघून घाईघाईने, "आता निघालाच आहेस तर जेवून जा."

मी इतका सावकाश कधीच जेवलो नव्हतो. आई वाढत राहिली, मी खात राहिलो आणि बॅगेचा विषय दोघांनीही काढला नाही.