नत्थूजींचा समझोता

अकरा वर्षं तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद सांभाळलेल्या माणसाला दोन पोरांचं भांडण मिटवता येणार नाही, असं कुणी म्हटलं असतं, तर नत्थूजींनी त्याला तिथंच धरणात ढकललं असतं. बांधाचे वाद, नालीचे वाद, लग्नात भाजी खारट झाली म्हणून पेटलेले वाद, सगळे त्यांनी चहाच्या गंजात बुडवले होते. वडनेरकडच्या त्यांच्या गावातून कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढला, तर ते महिनाभर त्याच्याशी बोलत नसत.

आणि आज त्यांच्याच नातीनं तक्रार केली होती. तीही बोटीला लाल झेंडा लावून, साऱ्या जगाला दिसेल अशी!

झालं होतं असं. धरणावर शिडाच्या बोटींची निवड शर्यत होती. राज्याच्या शिबिरात जागा एकच, पहिल्या नंबराला. त्या जागेसाठी नातीनं, मयुरीनं, तीन वर्षं दोर ओढून हाताला घट्टे पाडून घेतले होते. ज्या बोटीला उजवीकडून वारा, तिला दुसऱ्यानं वाट द्यायची, हा नियम. वारा मयुरीच्या उजवीकडून होता, तरी शर्यतीतल्याच अंकित नावाच्या पोरानं आपली बोट तिच्यावर घातली. अशी चूक झाली की तिथल्या तिथं बोटीच्या दोन गिरक्या घेतल्या तर माफी असते. पठ्ठ्यानं त्याही घेतल्या नाहीत, तसाच पुढे जाऊन पहिला आला. दुसऱ्या आलेल्या मयुरीनं अर्ज दिला. चार वाजता पंचांपुढे सुनावणी होती. अंकित बाद झाला की शिबिर मयुरीचं.

नत्थूजींचं टाळकंच सरकलं. अध्यक्षाची नात अर्ज घेऊन फिरते म्हणजे काय? गावात तोंड कोणतं दाखवायचं?

"आबाजी, थो चुकला, थो बाद होईन," मयुरी म्हणाली. "तुमी मधात नका पडू."

मधात पडू नका, असं नत्थूजींना आजवर कुणीही सांगितलं नव्हतं. ते तरातरा अंकितकडे गेले आणि त्याला असा झापला की पोरगा ओल्या कपड्यांत आणखी घामानं भिजला. माफी मागतो म्हणाला, लिहून देतो म्हणाला, फक्त अर्ज मागे घ्यायला लावा. नत्थूजींच्या पिशवीत समझोतापत्राचे छापील कागद कायम असत. त्यांनी एक भरला, अंकितची सही घेतली आणि नातीपुढे धरला. "थो चूक कबूल करून राह्यला. खाली सही कर."

शत्रूचा कबुलीजबाब मिळाला म्हणून मयुरीनं आनंदानं सही ठोकली.

चार वाजता नत्थूजींनी तो कागद पंचांच्या टेबलावर आपटला. भांडण मिटलं, आता तुमची कोर्टकचेरी गुंडाळा, असं त्यांनी वर सुनावलंही. मुख्य पंच होत्या नौदलातून निवृत्त झालेल्या रीता मॅडम. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मग मोठ्यानं वाचला. कुणा एकाची मान खाली जाऊ नये म्हणून नत्थूजींनी अकरा वर्षांपूर्वीच छापून घेतलेलं वाक्य त्यात होतं : 'झाल्या प्रकारात दोन्ही पक्षांची चूक असून ती दोघांनाही मान्य आहे.'

सह्या तुमच्याच ना, असं मॅडमनी विचारलं. दोघांनी माना डोलावल्या. मयुरीनं वाचलं नव्हतं म्हणून सांगितलं; मॅडमनी सहीवर बोट ठेवलं. दोघांनी नियम मोडल्याचं लेखी मान्य केलंय, सबब दोघंही बाद. शिबिराची जागा तिसऱ्या आलेल्या स्वप्निलला गेली. तो त्या वेळी पोहे खात होता.

नत्थूजी मॅडमवर बरसले, नियमांवर बरसले, वाऱ्यावरही बरसले. दम लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मयुरी आणि अंकित एकाच उलट्या बोटीवर बसून काहीतरी लिहीत आहेत. दुपारी एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं! त्यांना भरून आलं.

पोरांनी अर्ज टेबलावर ठेवला. खेळाडूच्या नातेवाइकानं सुनावणीत ढवळाढवळ केली, तर त्याच्यावरही कारवाई करता येते, असा नियम मयुरीनं शोधून काढला होता. अर्ज नत्थूजींविरुद्ध होता.

मॅडमनी चष्मा काढला. आजोबा आहेत तुझे, आपसात मिटवायचं का, असं त्यांनी मयुरीला विचारलं.

मयुरीचे डोळे लाल झाले होते. "समझोता नाई पायजे मॅडम," ती म्हणाली. "शिक्षा पायजे."

नत्थूजींनी अर्ज हातात घेतला. इतक्या वर्षांत भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या सह्या त्यांनी पहिल्यांदाच एका बाजूला पाहिल्या. दोघांनीही कागद नीट वाचून सही केली होती.