बनसोड काकांची प्रतवारी

बनसोड काका माणसाला भेटले की आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढतात. जयभीम, नमस्कार, चहापाणी सगळं त्यानंतर. पापणीच्या आतला रंग पाहून या माणसाचं रक्त घेण्यासारखं आहे की नाही, हे ते जागच्या जागी सांगून टाकतात. आमच्या पिपरी मेघेत एका लग्नात आहेर देता देता त्यांनी चक्क नवरीची पापणी ओढली आणि म्हणाले, "फिक्की हाये. बाराच्या खाली असन." नवरीच्या आईला वाटलं, आता लग्न मोडतं. काकांना हिमोग्लोबिन म्हणायचं होतं.

सिंदी रेल्वे या गावच्या जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं कापसाची प्रतवारी केली. गाडीतून मूठभर कापूस काढायचा, बोटांत चुरायचा आणि निकाल द्यायचा. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारून आणलं असेल, तर गाडी परत. "माल ओला हाये," एवढंच बोलायचे. निवृत्त झाल्यावर तीच कसोटी त्यांनी माणसांना लावली. जयंतीला बुद्धविहारात रक्तदान शिबिर असतं, तिथे डॉक्टरांच्या टेबलाआधी काकांची खुर्ची. उपाशी आलेल्याला पोहे खायला पिटाळायचं, गेल्या महिन्यात टॅटू काढलेल्याला पुढच्या वर्षी बोलवायचं, मिरगी असलेल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला मंडपाच्या कामाला लावायचं. गोळ्यांनी साखर ताब्यात असेल तर पुढे जा, इन्सुलिन चालू असेल तर घरी. कोणी आजार लपवताना सापडला की भर मंडपात "माल ओला हाये!" स्वतः मात्र तीन महिने झाले की हिंगणीपर्यंत जाऊनही रक्त देऊन यायचे.

मी बीपीची गोळी पुढे करून सात वर्षं निसटलो होतो. यंदा त्यांनी मला धरलंच. "गुरुजी, गोळीनं बीपी जाग्यावर असन तर चालते. तुमच्या पोटात भेव हाये, त्याची गोळी नाई."

फॉर्म भरायला आम्ही शेजारी बसलो. सहज त्यांच्या कागदाकडे नजर गेली आणि माझं पेनच थांबलं. 'इन्सुलिन घेता का?' यापुढे काकांनी 'नाही' लिहिलं होतं. अहो, दोन महिन्यांपूर्वी ते सुरू झालं, आणि त्यांचा फ्रिज बिघडलेला म्हणून ते आमच्याच फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी असतं! रोज सकाळी मीच काढून देतो. मी हादरलो. कुंपणानेच शेत खावं, तेही माझ्या डोळ्यांदेखत?

हाताला धरून त्यांना विहाराच्या मागे नळापाशी नेलं. माझा आवाज चढलाच. चक्कर येऊन पडलात तर कोण धावणार, असं बरंच काही बोललो. 

"माहीत हाये मले, गुरुजी."

"मंग काऊन लिवलं?"

त्यांनी नळ उगाच उघडला, बंद केला.

"सुई काढली का ते पोरगी कापूस लावते अन् हात दाबून धरते. दोन मिनिटं. इचारते, काका, बरं वाटते का. तुमची काकू गेल्यापासून माह्या हाताले दुसरं कोणी हात लावत नाई."

 सात वर्षं या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहतो मी. त्यांचं औषध कोणत्या कप्प्यात आहे ते मला ठाऊक, आणि हे ठाऊक नाही. लाज वाटली.

काकांनी स्वतःच फॉर्म फाडला. "माल ओला हाये," म्हणाले, पण अगदी हळू.

मग मी खाटेवर आडवा झालो. पिशवी भरली, सुई निघाली. सिस्टरने कापूस ठेवला आणि तेवढ्यात तिला पलीकडच्या खाटेवरून हाक आली. काका शेजारीच उभे होते. त्यांनी वाकून कापसावर अंगठा दाबून धरला.

"गुरुजी, बरं वाटते का?"

मला अगदी ठणठणीत वाटत होतं.

"नाई," मी म्हटलं, "अजून थोडं धरा."