शिडीचा सीन

"हन्नाच्या वर्षाच्या प्रार्थनेला कुणी रडायचं न्हाई! हसवून पोट दुखवलं न्हाई, तर नावाचा गिदोन न्हाई!" असं गिदोनने खर्डा गावातल्या झाडून सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

हन्नाला जाऊन वर्ष झालं होतं. प्रार्थना झाली की चर्चच्या आवारात तो बायकोचा लाडका पिच्चर दाखवणार होता. काळा-पांढरा, गाण्यांचा. त्यात तीन सोंगाडे: एक लंबू, एक ढब्बू आणि एक नुसताच खुळा. तिघं शिडी घेऊन लग्नाच्या मांडवात घुसतात, त्या सीनला हन्ना हसता हसता खुर्चीवरून घसरायची.

जामखेडहून भाड्याचा प्रोजेक्टर आला. लिंबाला दोरी बांधली, दोरीवर पांढरी चादर टाकली. पिच्चर सुरू झाला. पहिल्यांदा पेटीचे संथ सूर आले, आणि सगळी मंडळी ताडकन उठून उभी राहिली! चादरीवर नुसती डोकीच डोकी!

"खाली बसा!"

"दाजी, देवाच्या गीताला बसून कसं चालंल?" मेहुणी स्टेला म्हणाली.

"आगं, गीत न्हाई ते! पिच्चर हाय!"

मंडळी बसली. ढब्बू चिखलात आपटला. कुणी हसेना. लंबूच्या तोंडावर श्रीखंडाचं पातेलं उपडं झालं. सगळे गप्प, जणू दवाखान्याबाहेर बसलेत. शेजारचा मच्छिंद्र तर टोपी काढून डोळे पुसत होता.

"तुला काय झालं रं?"

"हन्नावैनींना लई आवडायचा म्हनं," मच्छिंद्रने हुंदका दिला.

त्याचं बघून बायकांनीही पदर तोंडाला लावले. गिदोनचं डोकंच फिरलं. "हसा की! एवढा खर्च कशाला केलाय मी? हसा!"

चर्चच्या पाळकसाहेबांनी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गिदोनभाऊ, मन मोकळं होऊ द्या. मंडळी, आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. आणि नेमकी तेव्हाच चादरीवर शिडी आली! वर्षभर ज्याची वाट बघितली तो सीन, आणि एक डोळा उघडा नाही! प्रार्थनेत ओरडताही येईना. पिच्चर थांबवायला गिदोन वाकून पळाला, वायरमध्ये पाय अडकला, आधाराला त्याने चादर धरली. दोरी तुटली. चादरीसकट तो बाकड्यावर उताणा पडला आणि बाकडं त्याच्यासकट मोडलं!

"आमेन!" म्हणून मंडळींनी डोळे उघडले.

समोर पांढरं गाठोडं हातपाय झाडत होतं आणि त्याच्या पोटावर तिघं सोंगाडे शिडी घेऊन नाचत होते.

पहिले हसले पाळकसाहेब. मग सगळं आवार हसण्यानं दणाणलं. मच्छिंद्र तर जमिनीवर लोळत होता.

"आरं, सोडवा मला! हसताय काय!" गिदोन आतून ओरडत होता.

शेवटी स्टेलाने चादर ओढली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "दाजी, आज ताई पायजे हुती बघायला."

"तेच तर म्हनतोय कवाधरनं! काय पिच्चर हाय!"

"पिच्चर मरू द्या वो," स्टेला म्हणाली. "तुमाला बघायला!"